‘माहीत नाही’ म्हणायची नोकरी

माझं तोंड फटकळ आहे, असं मला लहानपणापासून सांगण्यात आलंय, आणि सांगणाऱ्यांना मी तिथल्या तिथे उत्तरही दिलेलं आहे. शाळेच्या ऑफिसात वीस-बावीस वर्षं मी दाखल्याच्या खिडकीमागे बसले. पालकांना दरडावणं हा त्या खुर्चीचा धर्मच असतो, आणि मी तो मनापासून पाळला. मग गुडघे कुरकुरायला लागले म्हणून मुदतीआधीच निवृत्ती घेतली. घरी बसून महिना होत नाही तोच आमच्या ह्यांनी फार जपून विचारलं, “तू कुठे जातबीत का नाहीस?” बिचाऱ्यांना तोवर कल्पना नव्हती की बायको दिवसभर इतकं बोलते.

आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक डॉक्टरबाई राहायच्या. सरकारी दवाखान्यात मनोविकारांच्या डॉक्टर होत्या, निवृत्त झालेल्या. कसबा पेठेत एक खोली घेऊन त्या एक केंद्र सुरू करत होत्या. दारू, गांजा, तंबाखू, उदासी, झोप उडणं, भीती वाटणं, असं सगळं. ज्यांना मोठ्या दवाखान्याची पायरी चढायची लाज वाटते त्यांच्यासाठी. लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, “जागा आहे, औषधं आहेत, मी आहे. दाराशी बसायला माणूस हवंय.”

“मला त्यातलं काय कळतंय?”

“कळत नाही म्हणूनच हव्यात तुम्ही. कळणारी माणसं फार बोलतात.”

त्यांनाही कल्पना नव्हतीच.

मी समाजसेवा वगैरे करायला गेले असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे, पण खरं ते सांगते. माझा धाकटा भाऊ प्यायचा. त्याची नोकरी खडकीला, राहायलाही तिथेच, सरकारी क्वार्टरमध्ये. “ताई, राहायला क्वार्टर मिळालं आणि प्यायला क्वार्टर लागली,” असं तोच म्हणायचा, आणि आम्ही सगळे हसायचो. आज त्या हसण्याची लाज वाटते. इतका गोड, इतका गमत्या पोरगा, आमच्या अख्ख्या घरात त्याच्याइतकं हसवणारं कुणी नाही. दर भाऊबीजेला पाटावर बसताना तो थोडा जास्त झुकायला लागला. मी ओवाळता ओवाळता त्याची खरडपट्टी काढायची. शपथा घातल्या, अबोला धरला, माझा मलाच सोसवेना म्हणून सोडला. तर बेत सरळ होता. त्या केंद्रात बसायचं, दारू सोडवायची खुबी काय ती शिकून घ्यायची, आणि एक दिवस ह्याला कानाला धरून तिथे न्यायचं.

आमची खोली होती एका तांबटाच्या कारखान्यावर. खाली सकाळी नऊपासून हंड्या-घागरींवर हातोडे पडायचे. पहिल्याच दिवशी मी डॉक्टरबाईंना म्हटलं, “अहो, इथे माणसं शहाणी कशी व्हायची? शहाणी आलेली खुळी होतील.” त्या म्हणाल्या, “राहू दे ठोकाठोकी. वर कोण काय बोलतंय ते बाहेर ऐकू जात नाही.” पेठेत राहिलेल्यांना याचं मोल कळेल. आमच्या गल्लीत कुणी शिंकलं तर दोन गल्ल्या पलीकडून विचारतात, वाफ घेतली का.

पहिला माणूस आला तो घामाघूम. खुर्चीच्या टोकावर बसला. मी आपली थर्मास हातात घेऊन, चहा की कॉफी, अशा अर्थानं अगदी आदबीनं विचारलं, “काय घेता?”

त्यानं मान खाली घातली. “आधी देशी घ्यायचो बाई. आता इंग्लिश. रोज क्वार्टर. रविवारी दोन होतात.”

मी थर्मास घेऊन तशीच उभी. मग तोंडातून सवयीचं तेच आलं, जे मी आयुष्यभर खिडकीतून विचारत आले होते. “कधीपासून? मधे खंड पडला का? घरी कोण कोण असतं?” आणि त्या माणसानं सगळं सांगून टाकलं. पडद्यामागून डॉक्टरबाई ऐकत होत्या. तो गेल्यावर म्हणाल्या, “ताई, एवढं काढून घ्यायला आम्हाला तीन-तीन भेटी लागतात.” तेव्हापासून आमच्याकडे नव्या माणसाला थर्मास हातात धरून “काय घेता?” असंच विचारतात. कुणी “चहा, साखर कमी” म्हणालं तर मुकाट्यानं चहा द्यायचा.

थोड्याच दिवसांत मास्तर आले. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. पेठेतच पिढ्यानपिढ्या राहिलेलं मुसलमान घर, दुकान आमच्यापासून चार पावलांवर, आणि मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. कधीकाळी ते स्वतः भरपूर प्यायचे. सोडून कितीतरी वर्षं झाली होती. डॉक्टरबाईंनी त्यांना सोडू पाहणाऱ्यांची बैठक चालवायला बोलावलं, तर गळ्यात मापाची टेप तशीच घेऊन आले. मोठं भाषण नाही की उपदेश नाही. एकजण म्हणाला, “मास्तर, मी तसा फक्त शनिवारी पितो.” मास्तर म्हणाले, “बरं. तुमचा शनिवार संपतो कधी?” तो विचार करून म्हणाला, “बुधवारी.” सगळी खोली हसली, तोही हसला, आणि पुढच्या बैठकीला सगळ्यात आधी येऊन बसला. एवढं हसणं चालायचं की दोन वर्षांनी खालचा तांबट तक्रार घेऊन वर आला. म्हणे, तुमच्या आवाजानं आमचं कामात लक्ष लागत नाही!

आता माझी चूक सांगते. सांगायला आवडत नाही, पण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

एक तरुण मुलगा यायचा. वर्ष होत आलं होतं त्याचं. एक दिवस एक गृहस्थ आले, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मुलाचं नाव घेऊन म्हणाले, “हा इथे येतो म्हणे. कसा आहे हो?” माझी आयुष्यभराची सवय! नाव आणि ‘कसा आहे’ हे दोन शब्द ऐकले की माझ्या तोंडून वर्तणुकीचा दाखला बाहेर पडतो. म्हटलं, “फारच चांगला मुलगा. एक दिवस चुकवत नाही. वर्ष होईल आता.” गृहस्थ म्हणाले, “वर्ष! वा वा.” आणि गेले.

ते मुलीचे वडील होते. लग्न ठरत आलं होतं, ते मोडलं.

चार दिवसांनी तो मुलगा येऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “ताई, मी तिला सांगणारच होतो. स्वतः. रविवारी भेटणार होतो आम्ही.” मग जिना उतरून गेला, आणि पुढे कितीतरी दिवस आलाच नाही. मी रडले. ढसाढसा रडले, खाली हातोडे चालू होते म्हणून कुणाला कळलं नाही. मास्तर रोज दुकान बंद करून त्याच्या घरी जाऊन बसायचे, तो बोलो न बोलो. शेवटी आला तो. लग्नही झालं पुढे, दुसऱ्या मुलीशी, आणि तिला त्यानं पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं. पण म्हणून माझं पाप धुतलं जात नाही.

डॉक्टरबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. कागद पुढे केला आणि म्हणाल्या, “नियम तुम्हीच लिहा.” मी लिहिलं, “इथे कोण येतं, कोण येत नाही, हे आपल्याला माहीत नाही.” आई विचारो, बायको विचारो, साहेब विचारो. माणूस स्वतः होऊन आपल्या घरच्यांना घेऊन आला तर गोष्ट वेगळी, नाहीतर सगळ्यांना एकच उत्तर. एका केंद्राचं दुसऱ्या केंद्रालाही सांगायचं नाही हे कलम नंतर घातलं, तेही मीच.

आणि काय सांगू, या कामात माझ्या फटकळपणाचं सोनं झालं. तुटक उत्तर द्यायला इतर गावच्या लोकांना शिकवावं लागतं, आपल्याकडे ते आईच्या दुधातून येतं. “अहो, जरा वही बघून तरी सांगा.” “बघितली. माहीत नाही.” “पण मी सख्खा काका आहे त्याचा.” “अभिनंदन. माहीत नाही.” एकदा एक बाई नवऱ्याची चौकशी करायला आल्या, आणि त्याच वेळी नवरा आत बसून त्यांचीच तक्रार करत होता. मी “माहीत नाही” म्हणत त्यांना चहा पाजला आणि नवऱ्याला मागच्या जिन्यानं काढून दिलं.

लोकांना जेव्हा खात्री पटली की इथलं बाहेर जात नाही, तेव्हा ते यायला लागले. आधी एकेकटे, मग जिन्यावर रांग. नवऱ्यांच्या मागोमाग बायका आल्या. म्हणाल्या, त्यांची बैठक आहे, आमची का नाही? मग गुरुवारी बायकांची बैठक सुरू झाली, आणि ती पुरुषांपेक्षा जोरात चालते. मग कॉलेजची पोरं, आईबापांनी ओढून आणलेली. “ताई, लिसन, आय ॲम नॉट ॲडिक्टेड, फक्त वीकेंडला असतं.” अशाला मी मास्तरांकडे पाठवायची, शनिवार कधी संपतो ते विचारायला. मोबाइलवर पत्ते खेळून झोप उडालेले कंपनीतले साहेब आले. पुण्यानं गिळलेल्या एका गावातली आजी आली. “मला काय बी झालेलं नाय. मिश्री हाय फक्त. सून म्हणती म्हणून आले.” सहा महिन्यांनी आजीची मिश्री सुटली, आणि सुनेच्या डोक्यातला मोबाइल कसा सोडवायचा ते विचारायला आजी परत आल्या.

बाजूची खोली घेतली. मग मागची. शिकलेली मुलंमुली कामाला आली, समुपदेशन शिकून आलेली. रीतसर संस्था झाली, विश्वस्त आले, आणि विश्वस्त आले म्हणजे बैठकीत सामोसे आले. अशाच एका बैठकीत दुसरं केंद्र कुठे काढावं यावर चर्चा चालली होती. मी उभी राहिले आणि खडकीची बाजू मांडली. स्टेशन जवळ, कामगार वस्ती, क्वार्टर्स, बसची सोय. वकीलही एवढं बोलला नसता. बैठक संपल्यावर डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, “आणि भाऊ.”

“तोही,” मी म्हटलं.

कारण तोवर थट्टेचे दिवस संपले होते. त्या भाऊबीजेला त्याचा हात इतका थरथरत होता की ओवाळणीचं पाकीट त्याच्या बायकोनं धरून तबकात ठेवलं. स्वयंपाकघरात भावजय मला म्हणाली, “ताई, डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवला. लिव्हर सुजलंय. म्हणाले, असंच चाललं तर दोन वर्षंसुद्धा सांगता येत नाहीत.” बोलताना ती पुऱ्या लाटत होती, एकामागून एक, थांबलीच नाही. मी बाहेर आले आणि त्याला म्हटलं, “केंद्रात चल. आत्ताच्या आत्ता.” तो हसला. “ताई, आधी अख्खं पुणं सुधारून घे. मग मी आहेच, शेवटून पहिला.”

खडकीचं केंद्र एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत सुरू झालं. कितीही झाडलं तरी फटींतून पांढरी पावडर निघायची, आणि आमच्याकडे आलेला माणूस बाहेर पडताना पीठ लागलेला असायचा. तिथे दाराशी मीच बसणार म्हणून मी हट्ट धरला. रोज माझी पोपटी स्कूटर काढायची आणि खडकी गाठायची. तो रंग मी निवडला नव्हता, शोरूममध्ये तेवढीच उरली होती, पण लांबून ओळखू यायची खरी. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी बैठका ठेवल्या, कामाची पाळी सुटल्यावर जमतील अशा वेळेला. मास्तर त्या दोन दिवशी तिकडे यायला लागले.

सगळी खडकी आली. भावाच्या पाळीतली माणसं आली. मला ओळखून आधी दचकायची, मग “ताई” म्हणून पाया पडायची. केंद्र इतकं भरलं की गिरणीचा ओटासुद्धा बसायला कमी पडायला लागला. फक्त तो आला नाही. दारात कुणी आलं की मी रोज मान वर करून बघायची. वर्ष गेलं. रिपोर्टातली दोन वर्षं मला पाठ होती.

एका मंगळवारी बैठक संपल्यावर मास्तर थांबले. गळ्यातली टेप काढली, गुंडाळायला लागले. म्हणाले, “ताई, एक सांगायचंय. एक माणूस आहे. तो अजून आत आलेला नाही, म्हणजे नियम अजून त्याला लागू नाही, असं मी धरतोय.”

“बोला.”

“गेले चार मंगळवार समोरच्या टपरीवर उभा असतो. चहा घेतो, तुमच्या स्कूटरकडे बघतो, कप ठेवतो, जातो.”

“मग तुम्ही जाऊन बोला ना त्याच्याशी! हे काय मलाच सांगायचं?”

“बोललो आज. म्हटलं, या आत. म्हणाला, आत ती बसलीय.”

मला कळायला एक क्षण लागला. मग मी भडकले. “मी? मी काय वाघ आहे? मी खाणार आहे त्याला? त्याच्यासाठी तर इथे येऊन बसलेय मी!”  मास्तरांची टेप गुंडाळून झाली होती, ती सोडून ते पुन्हा गुंडाळायला लागले.

ते गेल्यावर मी एकटीच बसले. एकेक भाऊबीज आठवली. हातात निरांजन आणि तोंडानं खरडपट्टी. वीस माणसांसमोर. तो हसून साजरं करायचा, आणि मला वाटायचं त्याला लागतच नाही. दारुड्या म्हणून ज्या बहिणीनं त्याला घरभर गाजवलं, तिच्याचसमोर खुर्चीच्या टोकावर बसून तो “रोज क्वार्टर घेतो” हे कसं सांगणार होता? ज्याच्यासाठी दार उघडलं त्याच्याच वाटेत मी आडवी बसले होते. मला माझी इतकी चीड आली, इतकी लाज वाटली, की स्कूटर तिथेच टाकून मी बसनं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना म्हटलं, “मला येरवड्याला पाठवा.” येरवड्याला तिसरं केंद्र निघत होतं, सगळ्यात मोठं, तीन मजली. तिथे बसायला मी आधी साफ नकार दिला होता. डॉक्टरबाईंनी कारण विचारलं नाही. चष्मा पुसत म्हणाल्या, “जा. आणि स्कूटरही घेऊन जा.”

त्यांनी आणखी एक अट घातली. त्याला काही विचारायचं नाही. फोन करायचा तर हवापाण्याचं बोलायचं. म्हणजे मला उपाशी ठेवण्यापेक्षा मोठी शिक्षा.

येरवडा मजेचं निघालं. रिक्षात बसून येरवडा म्हटलं की रिक्षावाला एकदा आरशातून नीट बघून घेतो. केंद्र मात्र ऐसपैस. खाली दवाखाना, वर बैठका, त्याच्यावर स्वयंपाकघर, आणि तिथे मिश्री सोडलेल्या आजी बायकांना थालीपिठं शिकवायच्या. नवी नवी मुलं कामाला येत होती. मी त्यांना “माहीत नाही” म्हणायला शिकवायची, कारण त्यांना ते जमतच नव्हतं. एकजण म्हणायचा, “सॉरी, पण आमच्या पॉलिसीप्रमाणे…” मी म्हणायची, पॉलिसी कसली, तोंडावर सांग!

पण जीव खडकीला अडकलेला. महिन्याच्या बैठकीत मास्तर भेटले तेव्हा मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. “मास्तर, तो टपरीवरचा माणूस…”

“कोण?” मास्तर म्हणाले. “माहीत नाही.”

डोळ्याची पापणीही हलली नाही. मला त्यांच्याच टेपनं त्यांना खांबाला बांधावंसं वाटलं. मग मी खडकीला माझ्या जागी बसलेल्या मुलीला फोन केला. बायकांच्या बैठकीतूनच पुढे आलेली, मीच तयार केलेली मुलगी. “सहज विचारते गं, मंगळवारी गर्दी कशी असते?”

“असते, ताई.”

“कोण कोण असतं हल्ली?”

 ती म्हणाली, “ताई, असं काय करताय?”

फोन ठेवल्यावर मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला. कुठलं जास्त होतं ते आजही सांगता यायचं नाही.

रविवारी भावाला फोन. “काय रे, ऊन फार आहे ना?” “हो.” “आमच्याकडे पाणी कमी दाबानं येतंय.” “बरं.” “आंबे आणलेस का?” तो म्हणाला, “ताई, तुझी तब्येत बरी आहे ना?” “का रे?” “तीन मिनिटं झाली, अजून शिव्या नाहीत.” मी हसले आणि फोन ठेवून पदरानं डोळे पुसले. आवाज स्वच्छ होता त्याचा. पण सकाळची वेळ होती, सकाळी तो नेहमीच स्वच्छ असायचा.

असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. मग एका शनिवारी दुपारी, मी कामावर असताना, भावजयीचा फोन आला. दबक्या आवाजात, रडत.

“ताई, ह्यांचं बाहेर काहीतरी आहे.”

“काहीतरी म्हणजे?”

“बाई असणार, ताई. दुसरं काय? मंगळवार आला की कामावरून येतात, आंघोळ करतात. शर्ट बदलतात. केस विंचरतात! सहाला बाहेर, आठला परत. शुक्रवारी पुन्हा तेच. कुठे जाता विचारलं की आलोच म्हणतात. प्यायला गेले असते तर मला वासावरून कळलं असतं. वास नसतो. काल तर शीळ घालत आले.”

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. “आणि पिणं?”

“तेच तर! दोन महिने घरात बाटली नाही. मी वीस वर्षं डोकं आपटलं तर सुटली नाही, आणि त्या कोणासाठी सोडली.” ती हुंदके द्यायला लागली. मग एकदम म्हणाली, “ताई, खरं सांगा. ते तुमच्या तिकडच्या केंद्रात तर जात नाहीत ना?”

मंगळवार आणि शुक्रवार मी ठरवले होते. वेळही मीच ठरवली होती. माझ्या घशाशी आलं सगळं. अगं वेडे, तो जातोय, तो आत गेलाय, रड कसली, पेढे वाट! आयुष्यात मी इतकं काही बोलायला आतुर झाले नव्हते. पण किती वेळा त्यानं हिला शब्द दिला होता आणि मोडला होता, ते मला माहीत होतं. ह्या वेळी तो शब्द न देता जात होता. सांगायचं तर ते त्यानं सांगायचं होतं, त्याच्या दिवशी, त्याच्या तोंडानं.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. आवाज फुटला माझा, पण म्हटलं. 

मग मी विचारलं, “शर्ट कुठला घालतो गं?”

“आकाशी आहे तो.”

“इस्त्री कोण करतं?”

“स्वतःच करतात. नुसत्या चुण्या पाडून ठेवतात.”

“मग येत्या मंगळवारी तू करून दे. कडक. आणि कुठे चाललात म्हणून विचारू नकोस.”

“अहो ताई, काय बोलताय! नवरा बाईकडे निघालाय आणि मी इस्त्री करून देऊ?”

“दे.”

 तिच्या घरातला पंखा फिरतोय तेवढं ऐकू येत होतं. मी ‘फोन ठेवते’ म्हणणार होते. तेवढ्यात तिनं नाक ओढलं, आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, “ताई… कॉलरलाही करू?”

“कॉलरला आधी,” मी म्हटलं.